बरा झाला म्हणजे नेमकं काय झालं?

साहित्य मंडळाच्या अंकात कुत्र्याच्या तापावर लेख कशाला, असं तुमच्यातल्या काही जणांना वाटेल. वाटू द्या. पण आपल्या साहित्यात कुत्रं काही आजच आलेलं नाही. नामदेवांची भाकरी पळवणारं कुत्रं आणि तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकत आलोय. लूकच्या शुभवर्तमानात दारात पडलेल्या लाजराजवळ माणसं थांबत नाहीत, कुत्री येतात. धर्मराजाच्या शेवटच्या वाटेवरही कुत्रंच सोबत असतं. गोष्टीत कुत्रं आपल्यासाठी थांबतं. ते आजारी पडलं की आपण त्याच्यासाठी किती दिवस थांबतो, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. उत्तर आकड्यात द्यायचं तर २८ दिवस. आमच्या घरी आम्ही ९ दिवस थांबलो होतो.

आमचं गाव सावरगाव. जाम नदीच्या एका काठाला आम्ही, दुसऱ्या काठाला पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे आमची नावं दरवर्षी एक दिवस पेपरात येतात. एरवी संत्रा, कापूस आणि नागपूरचा बाजार. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. कागदावर आम्ही मध्यप्रदेशातले, पण घरात मराठी आणि मोठं दुखणं आलं की गाडी नागपूरकडे. माणसाचं दुखणं असो की जनावराचं.

भुऱ्या हा आमच्या बागेवरचा कुत्रा. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात त्याने खाणं सोडलं. अंग तापलेलं, डोळ्यांत चिपडं, आणि कानाच्या आत द्राक्षाच्या मण्यांसारखे टम्म फुगलेले गोचीड. बैलांना त्या आठवड्यात आम्ही नदीवर घासून पुसून काढलं, त्यांचे गोचीड वेचले, शिंगं रंगवली. कुत्र्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्त तपासायला घेतलं, ‘गोचीड ताप आहे’ म्हणाले आणि डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. अठ्ठावीस दिवस. हे त्यांनी दोनदा सांगितलं, चिठ्ठीवर लिहिलं आणि खाली रेघही मारली.

तिसऱ्या दिवशी भुऱ्या उठला. पाचव्या दिवशी माकडांमागे धावला. नवव्या दिवशी आजी म्हणाली, “आता कायले देतं रे त्याले गोया? चांगला पयते तो.” तिचं म्हणणं आम्हा सगळ्यांनाच पटलं. गोळ्या बंद झाल्या. उरलेला पत्ता देवळीत जाऊन बसला, कोणाला ताप आला तर कामी येईल म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर भुऱ्याच्या नाकातून रक्त आलं.

हा आजार नेमका काय आहे?

आपण ज्याला सरसकट ‘गोचीड ताप’ म्हणतो, त्यात दोन-तीन वेगवेगळे आजार आहेत. त्यातला आपल्या भागातला मुख्य म्हणजे एहर्लिकिओसिस. तो होतो एहर्लिकिया कॅनिस नावाच्या जिवाणूमुळे. १९३५ साली अल्जिरियात दोनातिएँ आणि लेस्तोकार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गोचीड लागलेल्या कुत्र्यांत तो पहिल्यांदा पाहिला. आपल्या देशातली पहिली नोंद १९४४ सालची, मद्रासकडची. पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याचे जर्मन शेफर्ड मोठ्या संख्येने नाकातून रक्त वाहून मरायला लागले, तेव्हा जगाने या रोगाकडे नीट लक्ष दिलं.

आपल्याकडे तो किती आहे? मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या पाचशेहून अधिक भटक्या कुत्र्यांचं रक्त तपासलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांचाही त्यात सहभाग होता. साधारण पाचात एका कुत्र्याच्या रक्तात एहर्लिकिया सापडला. यातली बरीचशी कुत्री वरून ठीकठाक दिसणारी होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा जिवाणू पसरवतो तपकिरी रंगाचा कुत्र्याचा गोचीड. गाई-बैलांच्या अंगावरचा गोचीड वेगळ्या जातीचा आणि त्याचे आजारही वेगळे. कुत्र्याच्या गोचिडाची सवय अशी की त्याला घर आवडतं. मादी पोटभर रक्त पिऊन कुत्र्यावरून खाली उतरते, भिंतीच्या भेगेत किंवा फरशीच्या सांध्यात शिरते आणि हजारोंच्या संख्येने अंडी घालते. त्यातून निघालेलं पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, उतरतं, कात टाकतं, पुन्हा चढतं. असं तीनदा. म्हणजे आयुष्यातले थोडेच दिवस तो कुत्र्याच्या अंगावर असतो, बाकी सगळा मुक्काम आपल्या भिंतीत.

अंड्यातून निघालेलं पिल्लू मात्र स्वच्छ असतं. आईकडून त्याला एहर्लिकिया मिळत नाही. तो मिळतो आजारी कुत्र्याचं रक्त प्यायल्यावर. एकदा मिळाला की कात टाकल्यावरही तो टिकतो आणि पुढच्या कुत्र्याला जातो. थोडक्यात, गोचिडाला रोग देणारं कुत्रंच आणि कुत्र्याला रोग देणारा गोचीडच. या चक्रात वरून बरं दिसणारं, पण आतून जिवाणू बाळगणारं कुत्रं सगळ्यात मोठं कोठार ठरतं.

चोर चौकीतच लपतो

रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी मोनोसाईट नावाच्या पेशींचं काम म्हणजे बाहेरून आलेल्या जिवाणूंना गिळून संपवणं. एहर्लिकिया नेमका याच पेशींत जाऊन राहतो. चोराने पोलीस चौकीतच खोली भाड्याने घ्यावी, तसा हा प्रकार. आत तो वाढतो, त्याचे पुंजके होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते तुतीच्या फळासारखे दिसतात, म्हणून त्यांना तुतीवरून आलेलं ‘मोरुला’ हे लॅटिन नाव पडलं.

गोचीड चावल्यानंतर साधारण ८ ते २० दिवसांनी आजार दिसायला लागतो. त्याचे तीन टप्पे मानतात.

पहिला तीव्र टप्पा दोन ते चार आठवड्यांचा. ताप, खाणं बंद, गाठी सुजणं, डोळे लाल होणं, आणि रक्तातल्या प्लेटलेट घसरणं. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण २ ते ५ लाख असतात. प्लेटलेटचं काम रक्त गोठवण्याचं, त्यामुळे त्या फार खाली गेल्या की हिरड्यांवर, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके येतात, नाकातून रक्त येतं.

दुसरा टप्पा फसवा. कधी कधी औषध न देताही ताप उतरतो, कुत्रं खायला लागतं. घरचे म्हणतात, आपोआप बरं झालं. पण जिवाणू प्लीहेत, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत पाणथरीत, जाऊन बसलेला असतो. हा टप्पा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतो. इस्रायलमधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की लागण होऊन ३४ महिने झाल्यावरही काही कुत्र्यांच्या शरीरात या जिवाणूचा अंश सापडतो, आणि तो शोधायला प्लीहा ही सगळ्यात चांगली जागा आहे. काही कुत्र्यांचं शरीर या टप्प्यात स्वतःच जिवाणूला संपवतं. सगळ्यांचं नाही.

तिसरा टप्पा जुनाट आजाराचा. यात अस्थिमज्जा म्हणजे रक्त तयार करण्याचा कारखानाच बंद पडायला लागतो. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळंच कमी. इथे पोचलेलं कुत्रं औषध देऊनही अनेकदा वाचत नाही. म्हणून सगळी धडपड करायची ती पहिल्या दोन टप्प्यांत.

औषध काय करतं आणि काय करत नाही

डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिन घराण्यातलं प्रतिजैविक. या घराण्यातलं पहिलं औषध ऑरिओमायसिन, १९४८ साली जाहीर झालं. मातीतल्या एका सोनेरी रंगाच्या सूक्ष्मजीवापासून ते बेंजामिन डग्गर या म्हाताऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने मिळवलं. ते ज्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत घडलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ते वारले. आज खेड्यातल्या मेडिकलवर मिळणाऱ्या त्या कॅप्सूलच्या वंशावळीत एक आपला माणूस आहे, हे मला हा लेख लिहिताना कळलं. डॉक्सिसायक्लिन त्याच घराण्यातलं पुढचं औषध, १९६७ पासून वापरात आहे.

हे औषध जिवाणूला थेट मारत नाही. जिवाणूच्या आत प्रथिनं तयार करणारी जी यंत्रणा असते, तिला ते अडवतं. चूल बंद पडली की वाढ थांबते. थांबलेल्या जिवाणूला संपवण्याचं काम मात्र कुत्र्याच्या स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीला करावं लागतं.

शेतकऱ्याच्या पोरांना हे हराळीवरून लगेच समजेल. वरवर खुरपलं की वावर स्वच्छ दिसतं. आठ दिवसांनी वाटसरू म्हणेल, काय सुंदर निंदण झालंय! पण मुळी जमिनीत आहे. एक पाऊस पडला की हिरवं पुन्हा वर. ताप उतरणं म्हणजे वरचं गवत जाणं. तीव्र टप्प्यातलं कुत्रं औषध सुरू केल्यावर एक-दोन दिवसांतच सुधारायला लागतं. तेवढ्यात फक्त रक्तातली गर्दी कमी झालेली असते. पेशींच्या आत, प्लीहेत दडलेला जिवाणू तसाच असतो.

हे नुसतं सांगण्यापुरतं नाही, तपासून पाहिलेलं आहे. १९९४ साली अमेरिकेत ओहायोमधल्या संशोधकांनी लागण झालेल्या ५ कुत्र्यांना सात दिवस डॉक्सिसायक्लिन दिलं. कुत्री सुधारली. पण पुढे त्यांच्या रक्तातून आणि अवयवांतून जिवाणू परत वाढवून पाहिला, तर ५ पैकी ३ कुत्र्यांत तो जिवंत निघाला. सात दिवस पुरत नाहीत, हे तेव्हा स्पष्ट झालं. २००२ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने एकमताने शिफारस केली ती २८ दिवसांची. मात्रा रोज दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम, एकदाच किंवा दोन भागांत. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला रोज २०० मिलिग्रॅम, १०० च्या दोन कॅप्सूल. २८ दिवसांच्या झाल्या ५६. हे गणित समजण्यासाठी सांगतोय. वजन करून मात्रा ठरवायची ती डॉक्टरांनीच.

लाईम रोगाने शिकवलेला धडा

हा प्रश्न ज्या आजाराच्या निमित्ताने जगात सगळ्यात जास्त चर्चिला गेला, तो लाईम रोग. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात लाईम नावाचं गाव आहे. १९७५ च्या सुमारास तिथल्या बऱ्याच मुलांचे गुडघे एकाएकी सुजायला लागले. काही आयांनी आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला, तेव्हा तपास सुरू झाला. पुढे १९८१-८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडाच्या पोटात मळसूत्रासारखा एक जिवाणू सापडला. त्याला त्यांचंच नाव मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेराय. हा रोग कुत्र्यांनाही होतो. ती लंगडतात, सांधे सुजतात, क्वचित मूत्रपिंडं निकामी होतात. पण गंमत अशी की लागण झालेल्या बहुतेक कुत्र्यांना काहीच होत नाही.

लाईमचा गोचीड दुसऱ्या कुळातला, थंड आणि दमट रानांतला. पांढुर्णा-सौंसरच्या उन्हात आपल्याला त्याची चिंता करायचं कारण नाही. पण त्या रोगावरचा एक प्रयोग आपल्या कामाचा आहे.

१९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी काही कुत्र्यांना गोचिडांमार्फत लाईमची लागण होऊ दिली. ५ कुत्र्यांना अमॉक्सिसिलिन, ६ कुत्र्यांना डॉक्सिसायक्लिन, चांगल्या मोठ्या मात्रेत, ३० दिवस. आणखी ६ कुत्र्यांना काहीच औषध नाही. औषध मिळालेल्या ११ पैकी १० कुत्र्यांचे सांधे बरे झाले किंवा बिघडलेच नाहीत. पण नंतर तपासलं तेव्हा त्यातल्या ३ कुत्र्यांत जिवंत जिवाणू मिळाला. कातडीत आणि इतर अवयवांत जिवाणूचा जनुकीय अंशही सापडत राहिला. औषध न मिळालेल्या ६ च्या ६ कुत्र्यांत जिवाणू जिवंत होताच.

हा प्रयोग दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. ‘औषध देऊनही रोग राहतोच, मग द्यायचं कशाला’ असा अर्थ काढणं चूक. सहापैकी सहा आणि अकरापैकी तीन यात फार मोठा फरक आहे. सांधे वाचले, हाही फरकच. आणि ‘तीस दिवस दिलं म्हणजे शरीर धुऊन निघालं’ हाही अर्थ चूक. औषधाने आजार हटला, जिवाणूची संख्या कोसळली, पण काही कुत्र्यांत शेवटचा जिवाणू गेला नाही. तिसरी गोष्ट म्हणजे जनुकीय अंश सापडणं आणि जिवंत जिवाणू सापडणं या एक गोष्टी नाहीत. जळालेल्या घराच्या राखेतही घराची खूण असते. पीसीआर तपासणी ती खूण दाखवते, घरात माणूस आहे की नाही ते दाखवत नाही.

मग भुऱ्याच्या बाबतीत काय झालं?

खरं सांगायचं तर आम्हाला पक्कं सांगता येणार नाही. कारण आजार परत येण्याची दारं दोन आहेत. एक आतलं: औषध अर्धवट सोडलं, प्लीहेतला जिवाणू पुन्हा वाढला. दुसरं बाहेरचं: भिंतीतल्या गोचिडाने नव्याने लागण केली. एहर्लिकिया एकदा होऊन गेला म्हणजे आयुष्यभराची प्रतिकारशक्ती येते असं नाही, आणि त्यावर लसही नाही. आमच्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीत भेगा होत्या आणि भेगांत गोचीड होते. म्हणजे आम्ही दोन्ही दारं उघडी ठेवली होती. शहरातल्या चकाचक फ्लॅटमधल्या कुत्र्याला आजार उलटला तर आतल्या दाराचा संशय घ्यावा. खेड्यात दोन्ही दारं बंद केल्याशिवाय कोणत्याच औषधाला दोष देता येत नाही.

दिवाळीच्या वेळी भुऱ्याच्या प्लेटलेट ४० हजारांच्या आत होत्या. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “या वेळेस गोळ्या मोजून घेऊन जा आणि रिकामे पत्ते मला आणून दाखवा.” पत्ते दाखवायचे असल्यामुळे एकही दिवस चुकला नाही. आजीनेच कॅलेंडरवर रोज फुली मारली.

‘पॉझिटिव्ह’ या शब्दाबद्दल

पुष्कळ ठिकाणी आता रक्ताच्या थेंबावर होणारी पट्टीची तपासणी मिळते. ती जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. आजार पूर्ण बरा झाल्यावरही या अँटिबॉडी महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहून जास्त रक्तात राहतात. त्यामुळे औषध संपल्यावर पट्टी पुन्हा पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरून पुन्हा महिनाभर प्रतिजैविक सुरू करणं बरोबर नाही. पाहायचं ते प्लेटलेट वर आल्या का, टिकल्या का, कुत्रं खातं-पितं का, वजन धरतं का. औषध संपल्यावर एकदा आणि नंतर एक-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावं. प्लेटलेट पुन्हा घसरल्या तर पीसीआर करून पुढचं ठरवता येतं.

आणखी एक. डॉक्सिसायक्लिन देऊनही कुत्रं सुधारत नसेल तर आजार दुसराच असू शकतो. बबेसिया गिब्सोनी हा तसलाच एक गोचीड-आजार. १९१० साली पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत आणि कोल्ह्यात तो पहिल्यांदा वर्णिला, म्हणजे हा तर आपल्या मातीतलाच. तो जिवाणू नाही, लाल पेशींत राहणारा परजीवी आहे. त्याच्यावर एकटं डॉक्सिसायक्लिन चालत नाही. त्याची औषधं वेगळी, आणि तोही औषधानंतर थोडाफार शरीरात उरण्यासाठी प्रसिद्ध आहे. कधी दोन्ही आजार एकाच कुत्र्यात एकाच वेळी असतात. ‘शेजाऱ्याच्या कुत्र्याला हीच गोळी चालली’ हे म्हणूनच पुरत नाही.

आणि तो देवळीतला पत्ता. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती, आठवत असेल. तो आजार गवतातल्या बारीक कीटकाच्या चाव्याने माणसाला होतो, आणि त्यावरचं पहिलं औषध हेच, डॉक्सिसायक्लिन. माणसाचा जीव वाचवणारं औषध आपण कुत्र्याला देतो यात गैर काही नाही. पण ते नऊ दिवस द्यायचं, उरलेलं ठेवायचं, मग कोणाला साधी सर्दी झाली की दोन गोळ्या खायच्या, हे गैर आहे. अशानेच जिवाणू औषधाला सरावतात.

घरी काय करायचं?

कॅप्सूल जेवणासोबत द्यावी. रिकाम्या पोटी दिली तर कुत्रं ओकतं. कोरडी कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते, म्हणून मागून पाणी प्यायला लावावं. दुधात देऊ नये. दुधातलं कॅल्शियम या औषधाला बांधून ठेवतं, त्यामुळे थोडं औषध वाया जातं. कॅल्शियमचं किंवा लोहाचं टॉनिक चालू असेल तर त्यात आणि गोळीत काही तासांचं अंतर ठेवावं. आम्ही भाकरीच्या तुकड्यात, थोडं तूप लावून देत होतो. नामदेवांची वाटी अशी कामी आली.

ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. माणसाला चालणारी ही औषधं कुत्र्याच्या यकृताला, पोटाला, मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

गोचीड बोटाने चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा आणि साबणाच्या पाण्यात टाकावा. रॉकेल ओतणं, काडी लावणं हे उद्योग कुत्र्याचं कातडं जाळतात. गोचीड मारणाऱ्या गोळ्या, मानेवर टाकायचे थेंब, पट्टे हे सगळं आता मिळतं. कुत्र्याचं वजन आणि वय सांगून डॉक्टरांकडून घ्यावं. घरात मांजर असेल तर ते आवर्जून सांगावं, कारण कुत्र्याला चालणारी काही औषधं मांजराला मारतात. आणि भिंतीच्या भेगा बुजवाव्या. आम्ही दिवाळीत गोठ्याच्या भेगा सिमेंटने भरल्या, वरून चुना मारला, कुत्र्याचं जुनं पोतं जाळलं. खर्च गोळ्यांपेक्षा कमी आला.

आपल्या कॉलेजच्या आवारातही चार-पाच कुत्री आहेत. होस्टेलची मुलं त्यांना पोळ्या टाकतात. पोळी टाकताना कानाच्या आत एकदा बघा. गोचीड दिसले, कुत्रं दोन दिवस उठलं नाही, हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा पोटावर लाल ठिपके आले, तर वर्गणी काढून डॉक्टरांकडे न्या. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. आमच्यासारख्यांना जी गोष्ट शंभर किलोमीटरवर, ती तुमच्या शहरातच आहे. मात्र नेण्याआधी आपसात एक ठरवून घ्या: अठ्ठावीस दिवस रोज गोळी कोण देणार? सुटी लागली तर कोणाकडे सोपवणार? याचं उत्तर नसेल तर पहिल्या आठवड्याचा उत्साह फारसा कामाचा नाही.

भुऱ्याचं रक्त आम्ही औषध संपल्यावर तपासलं आणि संक्रांतीनंतर पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा प्लेटलेट दोन लाखांच्या वर होत्या. डॉक्टरांना विचारलं, “बरा झाला ना?” ते म्हणाले, “आज ठीक आहे. पावसाळ्यात परत आणा.” आजीला हे उत्तर अर्धवट वाटलं. मला मात्र आता ते पूर्ण वाटतं. कॅलेंडरवर पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही यंदा दोन नोंदी केल्या आहेत. एक बैलांची, एक भुऱ्याची.